ग्राफिक्स कार्डाला पाणी: कारखान्यातले की स्वतःच्या हातचे

ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवायचे तर रस्ते दोन. एक म्हणजे कारखान्यातच पाण्याची सोय बसवलेले कार्ड विकत घेणे. दुसरा म्हणजे पंख्याचे साधे कार्ड घेऊन त्यावरचा पंखा आणि हीटसिंक उतरवणे आणि त्या जागी तांब्याचा वॉटर ब्लॉक आपल्या हाताने बसवणे. दोन्हींकडे चांगला रेडिएटर असेल तर चिपचे तापमान जवळपास सारखेच राहते, त्यामुळे निवड तापमानावर ठरत नाही. चिप आणि तांबे यांच्यामधला जोड कोणी जुळवला, तो बिघडला तर निस्तरायचे कोणी आणि काही वर्षांनी कार्ड विकायला काढले तर हातात काय उरते, यावर ती ठरते.

हा प्रश्न आता इतक्यांपुढे येतो याचे कारण विजेच्या आकड्यांत आहे. 2016 मध्ये आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स 1080 हे कार्ड 180 वॅटचे होते. 2020 चे आरटीएक्स 3090 आले ते 350 वॅटचे, 2022 च्या ऑक्टोबरमधले आरटीएक्स 4090 आले 450 वॅटचे आणि 2025 च्या जानेवारीतले आरटीएक्स 5090 तर 575 वॅटचे. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. 4090 ची चिप साधारण 609 चौरस मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम एक इंच लांब आणि एक इंच रुंद. मेमरी आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागांचा वाटा वगळून चिपच्या वाट्याला 350 वॅट आले असे धरले, तरी दर चौरस मिलिमीटरमागे अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता निघते. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तिथे हाच आकडा 0.05 वॅट येतो. इस्त्रीच्या दहापटीहून दाट अशी ही उष्णता तेवढ्याशा जागेतून सतत उचलून न्यायची आणि चिपला 90 अंशांच्या आत ठेवायचे, असे हे काम आहे.

पंख्याचे कूलर हे काम करतात, आणि चांगले करतात. 4090 ची बरीचशी कार्डे दोन किलोंच्या आसपास वजनाची आणि कॅबिनेटमधल्या तीन-साडेतीन स्लॉटची जागा अडवणारी झाली ती त्याचसाठी. मोकळ्या हवेच्या कॅबिनेटमध्ये असे कार्ड पूर्ण भार पडूनही 65 ते 75 अंशांवर चालते, आणि चिपला त्यात काही धोका नसतो. पाण्यामुळे ते 45 ते 55 अंशांवर येते. थंड चिप किंचित जास्त वेगाने धावते, कारण तापमान वाढेल तसा एनव्हिडियाची कार्डे आपला वेग सुमारे 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतात. पण 4090 सारख्या कार्डावर आधी विजेची मर्यादा आड येते, त्यामुळे हा फायदा फार तर दोन-चार टक्क्यांचा राहतो. पाण्याचा खरा लाभ दोन गोष्टींत आहे: आवाज आणि जागा. रात्रभर रेंडरिंग चालू असलेल्या खोलीत झोपणाऱ्याला, किंवा एकाच मदरबोर्डवर तीन कार्डे शेजारीशेजारी बसवू पाहणाऱ्याला त्याची किंमत कळते. ज्याला या दोन्हींची गरज नाही, त्याने पंख्याचेच कार्ड घ्यावे.

पाणी इतके गुणकारी का, तर ते खूप उष्णता पोटात घेते आणि स्वतः फारसे तापत नाही. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला 4.18 ज्यूल लागतात, हवेला साधारण एक ज्यूल पुरतो. त्यात हवा विरळ. आकारमानाने तुलना केली तर एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. 450 वॅटच्या कार्डावरून मिनिटाला एक लिटर पाणी फिरवले, तर ब्लॉकमध्ये शिरतानाचे आणि बाहेर पडतानाचे पाणी यांत साडेसहा अंशांचाच फरक पडतो. तीन लिटर फिरवले तर दोन अंशांच्या थोडा वर. म्हणूनच नळीच्या वाटेत आधी प्रोसेसर यावा की ग्राफिक्स कार्ड, यावर डोकेफोड करण्यात अर्थ नसतो. पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्या मिळून जो बंद वेढा होतो, त्यातले सगळे पाणी काही मिनिटांतच जवळपास एका तापमानाला येते.

पाणी उष्णता फक्त हलवते, संपवत नाही, हे इथेच सांगायला हवे. कार्ड 450 वॅट घेत असेल तर रेडिएटरमधून तेवढेच 450 वॅट खोलीत येतात. चिप थंड झाली म्हणून खोली थंड होत नाही.

कारखान्याच्या पाण्याच्या कार्डांतही दोन जाती आहेत आणि खरेदीत त्यांची गल्लत होते. पहिल्या जातीत पंप, नळ्या, रेडिएटर आणि आतले पाणी हे सगळे सीलबंद येते. घेणाऱ्याने कार्ड स्लॉटमध्ये बसवायचे, रेडिएटर कॅबिनेटला चार-आठ स्क्रूंनी आवळायचा आणि वीज जोडायची. एएमडीचे 2014 मधले आर9 295एक्स2 हे या जातीचे गाजलेले उदाहरण. एका कार्डावर दोन चिपा, 500 वॅटची भूक, आणि एवढ्या उष्णतेसाठी 120 मिलिमीटरचा एकच रेडिएटर. चिपांवर पाणी आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागांवर मधला एक पंखा, अशी ती मिश्र रचना होती. पुढच्याच वर्षी आलेल्या आर9 फ्युरी एक्स या कार्डावर पंखा ठेवलाच नाही, सगळे पाण्यावर सोपवले. पण सुरुवातीच्या काही कार्डांच्या पंपातून बारीक किणकिण ऐकू येई. सीलबंद कार्डात पंप बदलता येत नाही, त्यामुळे अशी तक्रार निघाली की अख्खे कार्ड परत पाठवावे लागते. नंतरच्या काळात एमएसआयच्या सुप्रिम लिक्विड मालिकेत 240 मिलिमीटरचा आणि गिगाबाइटच्या ऑरस वॉटरफोर्समध्ये 360 मिलिमीटरचा रेडिएटर आला. ते आकार उष्णतेला साजेसे आहेत.

सीलबंद कार्ड बसवताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. अशा वेढ्यात थोडी हवा असतेच, आणि वर्षे जातील तशी नळीच्या भिंतीतून पाण्याची वाफ कणाकणाने निसटून ती वाढत जाते. ही हवा सर्वांत उंच जागी साठते. ती जागा रेडिएटरचे वरचे टोक असावी, पंप नव्हे. पंप कार्डावर असतो, तेव्हा रेडिएटर कॅबिनेटच्या छताला किंवा पुढच्या बाजूला उंचावर लावणे हे सोपे उत्तर. तळाशी लावलेल्या रेडिएटरमुळे पंप हवा गिळतो, कुरकुरतो आणि लवकर झिजतो. नळ्याही ठरावीक लांबीच्याच येतात, म्हणून कार्ड मागवण्याआधी कॅबिनेटमध्ये टेप धरून माप घेतलेले बरे.

दुसऱ्या जातीत कारखाना कार्डावर फक्त ब्लॉक बसवून देतो. पंप, रेडिएटर, टाकी, नळ्या सगळे घेणाऱ्याचे. ईव्हीजीएचे हायड्रो कॉपर हे यातले जुने आणि नावाजलेले नाव. ही कंपनी सप्टेंबर 2022 मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातूनच बाहेर पडली. गिगाबाइटची वॉटरफोर्स डब्ल्यूबी आणि इनो3डीची फ्रॉस्टबाइट ही आजची नावे. यातले बरेच ब्लॉक कार्ड बनवणारी कंपनी स्वतः घडवत नाही. एमएसआयच्या सी हॉक ईके कार्डांवर स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीचा ब्लॉक असे, फ्रॉस्टबाइटवर जर्मनीच्या अल्फाकूलचा. म्हणजे दुकानात सुटा मिळणारा आणि कारखान्यातून बसून येणारा असे दोन्ही ब्लॉक एकाच घरचे असू शकतात. जास्तीचे पैसे जातात ते बसवण्याचे, तपासणीचे आणि वॉरंटीचे.

स्वतः बसवायचा ब्लॉक म्हणजे नेमके काय? खाली तांब्याची जाड पाटी, बहुधा निकेलचा मुलामा दिलेली. चिपच्या बरोबर वर त्या पाटीत अतिशय बारीक खाचा कोरलेल्या असतात. त्यामुळे पाण्याला टेकणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. वर अ‍ॅक्रिलिक किंवा अ‍ॅसिटलचे झाकण, दोहोंच्या मध्ये रबराची ओ-रिंग, आणि पाव इंची आट्यांची दोन तोंडे. पाणी एका तोंडातून येते, खाचांच्या मधोमध आदळते, दोन्ही बाजूंना पसरते आणि मेमरी व वीजभागांवरून फिरून दुसऱ्या तोंडातून निघते. कार्डाचा सगळा पृष्ठभाग व्यापणाऱ्या अशा ब्लॉकला फुल कव्हर म्हणतात.

फुल कव्हर ब्लॉकची मोठी अडचण अशी की तो एकाच सर्किट बोर्डासाठी घडलेला असतो. 4090 या नावाखाली डझनावारी बोर्ड बाजारात आले. प्रत्येक कंपनीची कॉइल, कॅपॅसिटर आणि स्क्रूची भोके वेगळ्या जागी. एका बोर्डाचा ब्लॉक दुसऱ्यावर बसवायला गेले तर तो एखाद्या कॅपॅसिटरवर टेकतो आणि चिपपासून मिलिमीटरभर वर तरंगतो. म्हणून ब्लॉक आधी शोधायचा आणि मग त्याला जुळणारे कार्ड घ्यायचे, हा उलटा क्रमच शहाणपणाचा. एनव्हिडिया किंवा एएमडीने आखून दिलेल्या मूळ रचनेच्या कार्डांना, आणि जास्त खपणाऱ्या मालिकांना, ब्लॉक लवकर आणि भरपूर मिळतात. कमी खपाच्या कार्डांना कधीच मिळत नाहीत. ब्लॉक बनवणाऱ्या कंपन्या कोणत्या कार्डाला कोणता ब्लॉक चालतो याच्या याद्या देतात. त्या याद्यांत नुसते नाव जुळून भागत नाही, बोर्डाची आवृत्तीही जुळावी लागते, कारण तेच नाव ठेवून बोर्ड मध्येच बदलल्याचीही उदाहरणे आहेत.

3090 ने यात आणखी एक धडा घालून दिला. त्याच्या 24 मेमरी चिपांपैकी 12 बोर्डाच्या मागच्या बाजूला होत्या. पुढे ब्लॉक बसवून मुख्य चिप 50 अंशांवर आणली, तरी मागच्या मेमरीला साध्या धातूच्या पाटीचाच आधार उरे आणि जड कामात ती शंभर अंशांच्या वर जाई. ब्लॉकवाल्यांनी मग मागच्या पाटीतूनही पाणी खेळवणारे संच काढले. पुढच्या 4090 मध्ये दुप्पट क्षमतेच्या 12 चिपा सगळ्या पुढच्या बाजूला आल्या आणि ही अडचण उरली नाही. वापरलेले 3090 त्याच्या 24 गिगाबाइट मेमरीसाठी आजही हौसेने घेतले जाते. ते पाण्यावर न्यायचे असेल तर मागच्या बाजूचा विचार आधी करावा.

बसवण्याचे काम एका निवांत दुपारचे आहे, पण घाईचे नाही. कार्डाच्या मागचे स्क्रू काढले की कूलर सुटतो, मात्र वाळलेल्या पेस्टमुळे तो चिकटून राहतो. तो ओढायचा नसतो. कार्ड थोडा वेळ चालवून कोमट केले आणि मग बंद करून कूलर हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवला की तो सुटा होतो. पंख्यांच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी अजून जोडलेल्या असतात, झटका दिला तर बोर्डावरचा कनेक्टरच उखडून येतो. चिपवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसायची. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचे टोपण असते, ग्राफिक्स चिपवर नसते. समोर असते ते उघडे सिलिकॉन, आणि त्याचा कोपरा एकदा तुटला की कार्ड संपले. म्हणून ब्लॉकचे चिपभोवतीचे चार स्क्रू एकामागून एक घट्ट करायचे नसतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्यायचा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा वाढतो.

थर्मल पॅड ही या कामातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत घात करणारी गोष्ट. मेमरी आणि वीजभाग यांची उंची चिपपेक्षा वेगळी असते. ती फट मऊ पॅडने भरली जाते. ब्लॉकच्या माहितीपत्रकात कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे एक, कुठे दीड असे लिहिलेले असते, आणि ते अक्षरशः पाळावे लागते. पॅड जाड झाला तर तो ब्लॉकला उचलून धरतो, चिपवरची पेस्ट नीट दबत नाही आणि पाणी असूनही चिप तापते. पातळ झाला तर मेमरी ब्लॉकला टेकतच नाही. मुख्य चिपचे तापमान सुरेख दिसते, मेमरी मात्र आतल्या आत भाजत राहते. बसवून झाल्यावर सरासरी तापमानाबरोबर चिपचा सर्वांत उष्ण बिंदू आणि मेमरी यांचेही आकडे पाहायला हवेत. सरासरी आणि उष्ण बिंदू यांत 20 अंशांहून जास्त अंतर दिसले तर ब्लॉक तिरका बसल्याचा संशय धरावा आणि सगळे उघडून पुन्हा बसवावे. 5090 च्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्तीत तर पेस्टऐवजी द्रव धातू आहे आणि बोर्डही तीन तुकड्यांत आहे. द्रव धातूचा एक थेंब शेजारच्या भागांवर ओघळला तरी शॉर्ट सर्किट होते. पहिल्यांदा ब्लॉक बसवणाऱ्याने या कार्डाच्या वाटेला जाऊ नये.

मग गळतीची चाचणी. हातपंपाने वेढ्यात अर्ध्या बारच्या आसपास हवेचा दाब भरून काटा अर्धा तास जागचा हलत नाही ना, हे पाहणे ही सर्वांत सुरक्षित पद्धत. असा पंप नसेल तर पाणी भरून फक्त पंपालाच वीज द्यायची, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि काही तास वाट पाहायची. डिस्टिल्ड वॉटर वीज वाहून नेत नाही, म्हणून गळले तरी बिघडत नाही, हा समज घातक आहे. तांबे आणि निकेल यांच्या सहवासात काही दिवसांतच त्यात आयन उतरतात, आणि बोर्डावरची धूळही त्यात मिसळते. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकाच वेढ्यात घालणे ही अशीच महागडी चूक. दोन धातू आणि मधले पाणी मिळून बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. गंज रोखणारे आणि शेवाळ न धरणारे तयार कूलंट वापरावे आणि ते साधारण वर्षाने बदलावे. रंगीत, दुधाळ द्रव दिसायला देखणे असतात, पण त्यांतले कण ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतात. पारदर्शक द्रव बरा.

वॉरंटीचा प्रश्न इथे आपोआप येतो. कारखान्याच्या दोन्ही जातींत कार्ड आणि पाण्याची सोय एकाच वॉरंटीत असतात. सीलबंद कार्ड गळले तर ती जबाबदारी विकणाऱ्याची. स्वतः ब्लॉक बसवला की हा हिशेब विस्कटतो. बरीच कार्डे चिपभोवतीच्या एका स्क्रूवर चिकटपट्टी लावून येतात, आणि ती फाटली की वॉरंटी नाकारण्याचा प्रयत्न होतो. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याच्या आधारे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 आणि 2024 मध्ये कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली. भारतातला खरेदीदार त्या कायद्याच्या छायेत येत नाही. इथे कंपनीच्या लेखी अटी आणि आयातदाराची सेवा यांवर सगळे अवलंबून राहते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार तोंडी काय सांगतो त्यापेक्षा, कूलर उतरवल्यास वॉरंटी राहील का, असे कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेवणे केव्हाही चांगले. आणि कुठल्याही परिस्थितीत, स्वतःच्या जोडातून गळलेल्या पाण्याने जळलेले कार्ड कोणी बदलून देत नाही.

हवामानाचा मुद्दा महाराष्ट्रात जास्त टोकदार होतो. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. पुरेसे रेडिएटर असतील तर ते खोलीपेक्षा दहाएक अंश वर राहते, आणि चिप पाण्यापेक्षा आणखी पंधरा-वीस अंश वर. पुण्यात 30 अंशांच्या खोलीत चिप 55 ते 60 वर येईल. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, बिनवातानुकूलित 42 अंशांच्या खोलीत, पाणीच 52 वर जाते आणि चिप सत्तरीकडे झुकते. लोकप्रिय डी5 पंपासाठी पाण्याची कमाल मर्यादा 60 अंश आहे, तेव्हा फरक थोडासाच उरतो. पीईटीजीच्या कडक नळ्या अशा उष्णतेत मऊ पडून जोडापाशी निसटू शकतात. विदर्भात मऊ रबरी नळ्या आणि गरजेपेक्षा एक मोठा रेडिएटर हाच हिशेब योग्य. त्या मानाने 120 मिलिमीटरच्या सीलबंद कार्डाला तिथे वावच नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेने मात्र घाबरू नये. पाणी खोलीपेक्षा गरमच असते, त्यामुळे नळ्यांवर दव धरत नाही.

पैशांचा हिशेब करताना सुटा ब्लॉक परदेशात साधारण 150 ते 250 डॉलरला मिळतो हे लक्षात घ्यावे, भारतात त्यावर आयातीचा खर्च चढतो. पंप, रेडिएटर आणि फिटिंग हे कार्डामागून कार्ड चालतात. दहा वर्षे जुना तांब्याचा रेडिएटर आजही तसाच उपयोगी. ब्लॉकचे तसे नाही. तो एका बोर्डाचा जोडीदार आहे, कार्ड गेले की त्याची किंमत भंगारातल्या तांब्याएवढी. म्हणजे वेढा आधीपासून असलेल्याला फक्त ब्लॉकचा खर्च येतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला पंपापासून नळ्यांपर्यंत सगळाच. ज्याच्याकडे वेढा नाही आणि उभारण्याची हौसही नाही, त्याच्यासाठी 240 किंवा 360 मिलिमीटरचे सीलबंद कार्ड हीच योग्य निवड. वेढा आहे, पण कार्ड उघडायला हात धजत नाही, किंवा कार्ड धंद्याच्या कामाला जुंपलेले आहे आणि बंद पडल्यावर एका ठिकाणी दाद मागायची आहे, तर कारखान्यात ब्लॉक बसवलेले कार्ड घ्यावे, थोडे महाग पडले तरी. बाकी सगळ्यांसाठी, आणि वापरलेले कार्ड घेणाऱ्यांसाठी तर नक्कीच, स्वतः ब्लॉक बसवणे जास्त फायद्याचे. वापरलेल्या कार्डाची वॉरंटी बहुधा संपलेलीच असते, म्हणजे चिकटपट्टीची भीती राहत नाही.

विकताना हा फरक पुन्हा दिसतो. सीलबंद कार्डातला पंप आणि पाणी वयाबरोबर थकतात. पाच-सहा वर्षांचे असे कार्ड घेताना कोणीही पंपाचा आवाज ऐकून घासाघीस करतो. फक्त ब्लॉक असलेले कारखान्याचे कार्ड घ्यायला पाण्याचा वेढा असलेलाच गिऱ्हाईक लागतो, कारण त्याच्यासोबत पंख्याचा कूलर कधी आलेलाच नसतो. स्वतः ब्लॉक बसवणाऱ्याकडे मात्र मूळ कूलर कपाटात असतो. तो परत चढवला की कार्ड कोणालाही विकता येते. त्यासाठी कूलर उतरवला त्याच दिवशी त्याचे स्क्रू, स्प्रिंगा आणि मागची पाटी वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, कुठला स्क्रू कुठल्या भोकाचा हे लिहून, मूळ खोक्यात ठेवून द्यावे. जुने पॅड ठेवण्यात अर्थ नाही. एकदा दबलेला पॅड पुन्हा तितकाच दबत नाही. त्यांची जाडी मात्र नव्या पॅडसाठी तेव्हाच मोजून त्याच खोक्यावर लिहून ठेवावी.